बॅटमॅनचा दुसरा जन्मदाता: बिल फिंगरचं नाव छापायला ७६ वर्षं का लागली?

मार्च २०१६ मध्ये 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' हा सिनेमा जगभर प्रदर्शित झाला. त्याच्या श्रेयनामावलीत एक नाव असं होतं, जे आधीच्या बॅटमॅनच्या कुठल्याही सिनेमात बॅटमॅनचा जन्मदाता म्हणून दिसलं नव्हतं. बॉब केनच्या जोडीला तिथे लिहिलं होतं, बिल फिंगर.

बहुतेक प्रेक्षकांनी ती ओळ वाचलीही नसेल. पण ती पडद्यावर यायला ७६ वर्षं लागली होती. ज्याच्यासाठी ती होती, त्याला जाऊनही ४२ वर्षं उलटली होती.

बॅटमॅन हा गुप्तहेर. मुखवट्यामागचं सत्य शोधून काढणं हे त्याचं काम. पण खुद्द बॅटमॅनच्या जन्माचं सत्य मात्र कित्येक दशकं झाकलेलंच राहिलं. ते कसं झाकलं गेलं आणि शेवटी बाहेर कसं आलं?

बॅटमॅनच्या आधीचे मुखवटेवाले

मुखवटा घालून गुन्हेगारांच्या मागे लागणारा, पण अंगात कुठलीही अचाट शक्ती नसलेला नायक ही कल्पना बॅटमॅनपासून सुरू झालेली नाही.

१९३६ मध्ये अमेरिकन कॉमिक बुक्समध्ये 'द क्लॉक' नावाचा नायक आला होता. अंगात सूट, चेहऱ्यावर मुखवटा आणि मागे सोडलेलं ओळखीचं कार्ड, असा त्याचा थाट. ऑक्टोबर १९३८ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये 'क्रिमझन ॲव्हेंजर' आला. दिवसा वृत्तपत्राचा मालक, रात्री मुखवटा आणि झगा घालून गुन्हेगारांचा शत्रू. कॉमिक्सच्या बाहेर पाहिलं तर झोरो होता. स्वस्त कागदावरच्या रहस्यकथांच्या मासिकांत 'द शॅडो' होता. आणि वृत्तपत्रांच्या चित्रपट्ट्यांत १९३६ पासून ली फॉकचा 'फँटम' होता. पुढे इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत 'वेताळ' म्हणून पोहोचला, तोच हा फँटम.

आज क्लॉक किंवा क्रिमझन ॲव्हेंजर ही नावं कॉमिक्सचे अभ्यासक सोडले तर कुणाला फारशी आठवत नाहीत. बॅटमॅन मात्र जगातल्या लहान मुलालाही माहीत आहे. म्हणजे फरक नुसत्या मुखवट्याने पडला नाही. त्या मुखवट्यामागे जो माणूस उभा केला गेला, त्याने फरक पडला. तो माणूस उभा करण्यात बिल फिंगरचा वाटा फार मोठा होता.

शनिवार-रविवारचं काम

१९३८ मध्ये सुपरमॅन आला आणि अमेरिकेतल्या कॉमिक्सचा धंदा बदलून गेला. प्रकाशकांना तसाच आणखी एखादा नायक हवा होता. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' हे मासिक १९३७ पासून निघत होतं. आजच्या 'डीसी' या कंपनीच्या नावातली दोन अक्षरं याच मासिकाच्या नावातली आहेत. व्हिन सुलिव्हन हे त्याचे संपादक. त्यांच्याशी बोलताना बॉब केन या तरुण चित्रकाराने नवा नायक आणून देतो असा शब्द दिला. केनच्या सांगण्यानुसार शुक्रवारी बोलणं झालं आणि सोमवारपर्यंत नायक हवा होता.

केन तेव्हा २३ वर्षांचा होता. मूळ नाव रॉबर्ट काह्न. लिओनार्दो दा विंचीने रेखाटलेलं पंखांचं उडतं यंत्र, झोरोचा मूकपट आणि वटवाघळाच्या वेशातल्या गुन्हेगारावरचा एक सिनेमा, यांचा आपल्यावर परिणाम होता असं तो पुढे सांगायचा. त्याने एक चित्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'बॅट-मॅन'. मग त्याने आपल्या मित्राला ते दाखवायला बोलावलं.

तो मित्र म्हणजे बिल फिंगर. जन्म १९१४ चा, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरमधला, मूळ नाव मिल्टन. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. त्याला लेखक व्हायचं होतं. पण महामंदीचे दिवस होते आणि पोटासाठी तो बुटांच्या दुकानात विक्रेत्याचं काम करत होता. केनसाठी तो आधीपासूनच कॉमिक्सच्या गोष्टी लिहून देत होता.

केनच्या चित्रात नेमकं काय होतं?

फिंगरने नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार, केनच्या चित्रातला नायक बराचसा सुपरमॅनसारखाच दिसत होता. लालसर रंगाचे घट्ट कपडे, पायात बूट, हात उघडे, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा आणि पाठीला दोन ताठ पंख. तो दोरीला लटकून झोका घेत होता.

फिंगरने कपाटातला शब्दकोश काढला. त्यात वटवाघळाचं चित्र होतं. हे कान बघ, असं म्हणून त्याने केनला छोट्या मुखवट्याऐवजी डोकं आणि चेहरा झाकणारा टोकदार कानांचा टोप काढायला सुचवलं. ताठ पंखांच्या जागी केप सुचवली, म्हणजे धावताना ती पंखांसारखी पसरेल. बोटांचे ठसे मागे राहू नयेत म्हणून हातमोजे आले. लाल रंग गेला, काळा-करडा आला. डोळ्यांच्या बाहुल्या काढून टाकून नुसत्या पांढऱ्या फटी ठेवल्या गेल्या. या सूचनांमागे फँटमचा प्रभाव होता, असं फिंगर सांगायचा. म्हणजे आपल्या वेताळाचा बॅटमॅनच्या चेहऱ्याशी थेट संबंध आहे.

मुखवट्यामागच्या माणसाला नावही फिंगरनेच दिलं. स्कॉटलंडचा योद्धा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावरून 'ब्रूस'. अमेरिकन क्रांतियुद्धातला सेनापती अँथनी वेन याच्यावरून 'वेन'. हा माणूस खानदानी श्रीमंत वाटला पाहिजे, अशी त्यामागची कल्पना होती.

या बदलांना पुढे केननेही आपल्या आत्मचरित्रात दुजोरा दिला. त्यामुळे ही एकतर्फी कहाणी नाही.

पहिली गोष्ट: सहा पानांची

'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा २७ वा अंक. मुखपृष्ठावर तारीख मे १९३९, किंमत १० सेंट. त्यात बॅटमॅनची पहिली गोष्ट आली, जेमतेम सहा पानांची. आज या अंकाची चांगली प्रत लिलावात दहा लाख डॉलर्सच्या वर जाते.

गोष्ट सरळ रहस्यकथेची आहे. पोलीस कमिशनर गॉर्डन यांच्या घरी त्यांचा तरुण मित्र ब्रूस वेन गप्पा मारत बसलेला असतो. फोन येतो. लॅम्बर्ट नावाच्या रसायन उद्योगपतीचा खून झालेला असतो आणि संशय मुलावर असतो. ब्रूस कंटाळल्यासारखा सोबत जातो. मग लॅम्बर्टच्या जुन्या भागीदारांवर एकामागून एक हल्ले होतात. वटवाघळाच्या वेशातली एक आकृती मध्ये पडते आणि खरा गुन्हेगार भागीदारांपैकीच एक असल्याचं उघड करते. इतरांना द्यायचे पैसे वाचवण्यासाठी त्याने हा डाव रचलेला असतो. शेवटच्या चौकटीत ब्रूसच्या घराचं दार उघडतं आणि वाचकाला कळतं की हा आळशी श्रीमंत माणूसच बॅटमॅन आहे.

ही गोष्ट फिंगरने लिहिली होती. ती पूर्णपणे त्याच्या डोक्यातून आलेली नव्हती. 'द शॅडो'च्या एका कथेवर ती बेतलेली होती आणि हे फिंगरने स्वतःच कबूल केलं होतं. त्या काळी स्वस्त मासिकांच्या जगात अशी उचल सर्रास चालायची.

पहिल्या पानावर मात्र एकच नाव होतं. रॉबर्ट केन.

शक्ती नाही, म्हणून डोकं

सुपरमॅनला गोळी लागत नाही. बॅटमॅनला लागते. त्यामुळे बॅटमॅनची गोष्ट लिहिणाऱ्यापुढे दर वेळी एकच प्रश्न असायचा. याने सुटायचं कसं?

फिंगरचं उत्तर होतं, डोकं वापरून. शेरलॉक होम्सची निरीक्षणशक्ती, शॅडोचा गूढपणा आणि मूकपटांतल्या डग्लस फेअरबँक्सची चपळाई यांचं मिश्रण त्याला हवं होतं. बॅटमॅन धागेदोरे जुळवतो, प्रयोगशाळेत बसतो, वेश पालटतो, ही घडण त्यातूनच आली.

त्यासाठी फिंगर वह्या ठेवायचा. कुठे काही विचित्र वाचलं, एखाद्या यंत्राची माहिती मिळाली, एखादी युक्ती सुचली, की ती वहीत जायची. कथेसोबत तो मासिकांतून कापलेली चित्रं आणि फोटो जोडून द्यायचा, म्हणजे चित्रकाराला संदर्भ मिळे. प्रचंड मोठा टाइपरायटर, राक्षसी आकाराची नाणी असल्या वस्तूंवर उड्या मारत होणाऱ्या मारामाऱ्या ही तर त्याची खासियत बनली.

बॅटमॅनला कारण दिलं, तेही याच काळात. नोव्हेंबर १९३९ च्या ३३ व्या अंकात दोन पानांत सांगितलं गेलं की ब्रूस लहान असताना सिनेमा पाहून परतताना लुटारूने त्याच्या आईवडिलांना गोळ्या घातल्या. त्या रात्री मुलाने गुन्हेगारीविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. हा मुलगा दुसऱ्या ग्रहावरून आला नाही. त्याच्यावर दुःख कोसळलं आणि त्याने वर्षानुवर्षं अभ्यास आणि व्यायाम करून स्वतःला घडवलं. बॅटमॅन जगभरच्या वाचकांना जवळचा का वाटतो, याचं उत्तर या दोन पानांत आहे. पुढे १९४८ मध्ये त्या लुटारूला जो चिल हे नाव मिळालं. ती कथाही फिंगरचीच.

यादी इथे संपत नाही. 'गॉथम' हे शहराचं नाव फिंगरचं. फोनच्या डिरेक्टरीत एका सराफी दुकानाच्या नावात त्याला हा शब्द दिसला होता. एप्रिल १९४० मध्ये रॉबिन आला. होम्सला जसा वॉटसन, तसा बॅटमॅनलाही बोलायला कुणीतरी हवं, नाहीतर तो सतत स्वतःशीच विचार करत राहतो, ही फिंगरची अडचण होती. १९४० च्याच 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात जोकर आणि कॅटवुमन आले. त्यांच्या घडणीतही तो होता.

एकट्या फिंगरचंही नाही

इथे एक काळजी घ्यायला हवी. केनने सगळं श्रेय घेतलं हे चूक, तसंच आता सगळं श्रेय फिंगरला देणंही चूक.

'बॅट-मॅन' हे नाव आणि पहिलं चित्र केनचं. प्रकाशकाकडे जाऊन काम मिळवणारा आणि सुरुवातीच्या कथांची चित्रं काढणारा केनच. कमरेचा पट्टा आणि बॅटारँग हे फेकायचं हत्यार गार्डनर फॉक्स या लेखकाने लिहिलेल्या कथांमध्ये पहिल्यांदा आलं. जोकरच्या जन्मात जेरी रॉबिन्सन या सहायक चित्रकाराचा मोठा हात. त्याने पत्त्यांमधल्या जोकरची कल्पना आणली. फिंगरने 'द मॅन हू लाफ्स' या १९२८ च्या मूकपटातल्या कॉनराड फाइटचा चेहरा दाखवला. नेमकं कुणाचं किती, यावर केन आणि रॉबिन्सन यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पुढच्या काळात केनच्या सहीखाली छापली गेलेली कित्येक चित्रं शेल्डन मोल्डॉफसारख्या चित्रकारांनी पडद्याआड राहून काढली.

म्हणजे बॅटमॅन हे अनेक हातांचं काम होतं. छापलं जात होतं ते एक नाव.

नाव का आलं नाही?

याचं पहिलं कारण म्हणजे तेव्हाची पद्धत. एक कलाकार नावाला आणि बाकीचे त्याच्या हाताखाली निनावी, हा वृत्तपत्रांच्या चित्रपट्ट्यांपासून चालत आलेला रिवाज होता. सुरुवातीला फिंगरला पैसे केनकडून मिळायचे. प्रकाशकाच्या लेखी व्यवहार केनशी होता.

दुसरं कारण म्हणजे कागद. केनने प्रकाशकाशी करार केला आणि त्यात आपलं नाव बॅटमॅनचा निर्माता म्हणून छापलं जाईल याची तजवीज केली. फिंगरकडे कागदच नव्हता. त्या काळात कॉमिक्सचे कलाकार किती सहज हक्क सोडून देत, याचं सगळ्यात मोठं उदाहरण सुपरमॅनचं. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलर्सला दिले होते. त्या तुलनेत केन धोरणी ठरला. फक्त ते धोरण त्याच्या एकट्याच्या नावापुरतं होतं.

तिसरं कारण खुद्द फिंगर. तो भांडखोर नव्हता. काम वेळेत न देण्याबद्दल तो बदनाम होता, त्यामुळे संपादकांपुढे त्याची बाजू कायम लंगडी असायची. पैशांची चणचण असायची, पुढचं काम मिळणं महत्त्वाचं असायचं. अशा माणसाला हक्कासाठी उभं राहणं परवडत नाही.

यात एक गंमतही आहे. १९४० मध्ये मार्टिन नोडेल या चित्रकारासोबत फिंगरने 'ग्रीन लँटर्न' उभा केला. त्या पहिल्या कथेवर चित्रकाराच्या टोपणनावासोबत फिंगरचं नाव छापलेलं आहे. म्हणजे लेखकाचं नाव छापणं तेव्हा अशक्य नव्हतं.

पहिला साक्षीपुरावा

१९६० च्या दशकात संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी वाचकांच्या पत्रांच्या पानावर फिंगरचा उल्लेख केला. वाचकांना पहिल्यांदाच असा कुणी माणूस आहे हे कळू लागलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनात फिंगर व्यासपीठावर आला. जेरी बेल्स हा कॉमिक्सचा चाहता आणि अभ्यासक त्याला भेटला आणि त्याने लेख लिहून सांगितलं की बॅटमॅनमधलं बरंच काही या माणसाचं आहे.

केन चिडला. 'बॅटमेनिया' या चाहत्यांच्या नियतकालिकाला त्याने लांबलचक पत्र लिहिलं. बॅटमॅनचा निर्माता मीच, असं त्याचं म्हणणं होतं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९६६ मध्ये ॲडम वेस्टची 'बॅटमॅन' मालिका अमेरिकन टीव्हीवर सुरू झाली आणि तुफान चालली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'क्लॉक किंग' या खलनायकाची दोन भागांची गोष्ट दाखवली गेली. लेखक म्हणून चार्ल्स सिंक्लेअर आणि बिल फिंगर यांची नावं पडद्यावर आली. ज्या पात्राला त्याने २७ वर्षांपूर्वी चेहरा आणि नाव दिलं, त्याच्या पडद्यावरच्या गोष्टीत तो एवढाच दिसला. दोन भागांचा लेखक म्हणून.

१८ जानेवारी १९७४ रोजी फिंगर गेला. साठावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

पुढच्याच वर्षी, १९७५ च्या अखेरीस, सुपरमॅनच्या सीगल आणि शुस्टर यांना मोठ्या जाहीर मोहिमेनंतर वार्षिक पेन्शन आणि नाव दोन्ही परत मिळालं. दबाव आला की कंपन्या झुकतात हे तेव्हा दिसलं. पण फिंगरसाठी ती वेळ निघून गेली होती.

केनचा पश्चात्ताप

१९८९ मध्ये टिम बर्टनचा 'बॅटमॅन' आला आणि बॉब केन पुन्हा प्रकाशझोतात आला. त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र निघालं. त्यात त्याने फिंगरचा वाटा मान्य केला, त्याला हयातीत श्रेय द्यायला हवं होतं अशी खंतही व्यक्त केली.

पण खंत आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी असतात. श्रेयाची ओळ तशीच राहिली. १९९८ मध्ये केनचं निधन झालं. लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या कबरीवर बॅटमॅनचा उल्लेख कोरलेला आहे.

शोध घेणारा लेखक

२००५ मध्ये जेरी रॉबिन्सनच्या पुढाकाराने सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन संमेलनात बिल फिंगर पुरस्कार सुरू झाला. ज्यांच्या कामाला हवा तसा मान मिळाला नाही, अशा कॉमिक्स लेखकांसाठी हा पुरस्कार आहे.

त्याच सुमारास मार्क टायलर नोबलमन या बालसाहित्यिकाने फिंगरवर पुस्तक करायचं ठरवलं. हाताशी फारसं काही नव्हतं. मोजकेच फोटो, थोड्या मुलाखती, सहकाऱ्यांच्या आठवणी. फिंगरला बेवारस म्हणून पुरलं गेलं, असाही समज पसरलेला होता. नोबलमनने जुनी कागदपत्रं, शाळेचे अभिलेख, नातेवाईक असं एकेक टोक धरत शोध घेतला. फिंगरचा एकुलता एक मुलगा फ्रेड १९९२ मध्ये वारला होता. त्यामुळे आता वारस कुणीच नाही, असं सगळे धरून चालले होते.

शोधात दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे फिंगरला बेवारस पुरलेलं नव्हतं. त्याचं दहन झालं होतं आणि फ्रेडने ऑरेगन राज्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत वटवाघळाच्या आकारात त्याची रक्षा पसरली होती. भरतीचं पाणी आलं आणि ती घेऊन गेलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. फ्रेडला एक मुलगी होती, अथीना. आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेली. म्हणजे कायदेशीर वारस होता. हक्क मागणारं कुणीतरी होतं.

२०१२ मध्ये नोबलमनचं 'बिल द बॉय वंडर' हे सचित्र पुस्तक आलं. बॅटमॅनचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला तशी समाजमाध्यमांवर आणि चाहत्यांच्या संमेलनांत मागणी वाढली. अथीनाने उघडपणे आजोबांच्या श्रेयाची मागणी केली आणि वकिलांची बोलणी सुरू झाली.

सप्टेंबर २०१५

१८ सप्टेंबर २०१५ रोजी डीसीने जाहीर केलं की फिंगर कुटुंबाशी समझोता झाला आहे आणि यापुढे बिल फिंगरला श्रेय दिलं जाईल. 'गॉथम' ही मालिका आणि 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' हा सिनेमा यांपासून सुरुवात होणार होती. ऑक्टोबर २०१५ पासून कॉमिक्सच्या अंकांवरही ते नाव दिसू लागलं.

नव्या ओळीत शब्दांची निवड बारकाईने केलेली आहे. बॅटमॅन 'बॉब केन आणि बिल फिंगर यांनी' निर्माण केला, असं ती म्हणत नाही. बॅटमॅन 'बॉब केन यांनी, बिल फिंगर यांच्यासह' निर्माण केला, असं ती म्हणते. 'आणि' आणि 'सह' यांत जो फरक आहे, त्यावर चाहते आजही वाद घालतात. जुना करार पूर्ण मोडला नाही, पण त्यात दुसऱ्या माणसासाठी जागा झाली.

२०१७ मध्ये या सगळ्या शोधावर 'बॅटमॅन अँड बिल' हा माहितीपट आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राँक्समधल्या एका कोपऱ्याला 'बिल फिंगर वे' असं नाव दिलं गेलं. जागा अगदी योग्य निवडली होती. शेजारीच पो पार्क आहे. रहस्यकथेचा जनक मानल्या जाणाऱ्या एडगर ॲलन पो याचं जुनं घर तिथे जपून ठेवलेलं आहे. याच बागेत बाकावर बसून केन आणि फिंगर बॅटमॅनच्या गोष्टींवर चर्चा करायचे.

एका ओळीने काय बदललं?

फिंगरला याचा काही उपयोग झाला नाही, हे उघड आहे. त्याची घरभाड्याची चिंता त्या ओळीने मिटली नाही. तो ती वाचूही शकला नाही.

तरीही काही गोष्टी बदलल्या. कुटुंबाला हक्क मिळाला. बॅटमॅनचा नवा अंक, मालिका किंवा सिनेमा येतो तेव्हा फिंगरचं नाव आता ओघानेच येतं, कुणाला ते शोधून काढावं लागत नाही. शिवाय लेखक नुसते संवाद भरून देतो आणि पात्र चित्रकार निर्माण करतो, या जुन्या समजुतीला धक्का बसला. मुखवटा, केप, नाव, शहर, आईवडिलांच्या मृत्यूची ती रात्र ही सगळी लेखकाच्या टेबलावर घडलेली गोष्ट आहे, हे आता अधिकृतपणे मान्य आहे.

या कामासाठी लागली ती बॅटमॅनचीच पद्धत. कुणाकडे अचाट शक्ती नव्हती. एका संपादकाने दोन ओळी छापल्या, एका चाहत्याने लेख लिहिला, एका सहकाऱ्याने पुरस्कार सुरू केला, एका लेखकाने जुनी कागदपत्रं चाळली, एक नात उभी राहिली. धाग्याला धागा जुळत गेला आणि १९३९ साली सहा पानांच्या एका गोष्टीवर जे नाव छापायचं राहिलं होतं, ते अखेर छापलं गेलं.